माळ्यावरचा जुना पीसी: लिनक्स टाकू की तसाच ठेवू? सल्ला हवाय

धूळखात_पीसी:
नमस्कार मंडळी, आवराआवरी करताना माझा कॉलेजातला डेस्कटॉप खाली उतरवलाय. पेन्टियम थ्री, १२८ एमबी रॅम, १० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलवाली) हार्ड डिस्क, विंडोज ९८, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी रायटर आणि आत बसवलेला मॉडेम. पंधराएक वर्षं तरी चालू केलेला नाही आणि अजून प्लग लावायची हिंमत झालेली नाहीये. सोबत बुटांच्या खोक्यात ३० फ्लॉप्या आणि मार्करने "बॅकअप फायनल" आणि "बॅकअप फायनल २" असं लिहिलेल्या दोन सीड्या (खरी फायनल कुठली देव जाणे).

तर विचारायचं असं की यावर एखादं हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून निदान ब्राउझिंग आणि गाणी एवढं तरी होईल का, आणि कुठलं टाकू. दुसरं म्हणजे आत माझे प्रोजेक्ट रिपोर्ट, आउटलुक एक्स्प्रेसमधले ईमेल आणि थोडं लिखाण आहे, ते लिखाण २००० च्या सुमारास स्टारऑफिस या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये केलेलं कारण ते फुकट मिळायचं. आता त्या फाइली कशात उघडतात? लेक म्हणतो भंगारात दे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टर्मिनलवाला:
ताई, प्लग लावला नाहीत हे फार बरं केलंत, आता लावूही नका. लिनक्स राहू दे बाजूला, आधी डेटा.

कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवरचे उभे गोल कपॅसिटर बघा. वरची टोपी सपाट हवी. फुगली असेल किंवा बुडाशी तपकिरी काहीतरी ओघळून सुकलं असेल तर तो गेला. साधारण १९९९ ते २००७ मधल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग होता, आतलं इलेक्ट्रोलाइटच खराब निघायचं.

बोर्ड ठीक दिसला तरी त्या मशीनवरून बूट करू नका. विंडोज ९८ चालू झालं की लगेच डिस्कवर लिहायला लागतं, आणि शेवटचं शटडाउन नीट झालं नसेल तर त्यातलं डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क न विचारता "दुरुस्ती" करायला बसतं आणि ती दुरुस्ती कधीकधी अंगाशी येते. डिस्क बाहेर काढा, आयडीई ते यूएसबी अडॅप्टर घ्या (वेगळा पॉवर सप्लाय असलेलाच, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही), मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा आणि आत्ताच्या कॉम्प्युटरला लावा. माउंट करायची नाही, म्हणजे सिस्टीमला ती उघडू द्यायची नाही. डीडीरेस्क्यू नावाच्या टूलने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायची. त्याची खुबी अशी की ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं आणि अडणाऱ्या जागा मागे ठेवून नंतर परत परत प्रयत्न करतं, म्हणजे डिस्क मध्येच मेली तरी बहुतेक माल हाताशी आलेला असतो. मॅप फाइलचं (कुठवर वाचून झालं याची नोंद) नाव द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर मध्ये थांबलात की पुन्हा श्रीगणेशा. १० जीबी म्हणजे आजच्या पेनड्राइव्हचा कोपरा. इमेजची एक कॉपी करून ठेवा आणि मग जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर.

रिकामी_फ्लॉपी:
+१. फ्लॉप्यांचं मी सांगतो. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालेल, तुमच्या नेहमीच्या १.४४ एमबीवाल्या असतील तर काही अडचण नाही. पण घालायच्या आधी प्रत्येकीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात धरा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी, ती फ्लॉपी आत घालायची नाही, एकीची घाण ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या ओरबाडल्या जातात. मी हे शिकलो तेव्हा उशीर झाला होता, माझ्या एका वर्षाच्या सगळ्या असाइनमेंट खर्रर्र आवाज करत गेल्या.

मॉडेमची_शीळ:
लिनक्सचं सांगायचं तर ब्राउझिंग विसरा हो. १२८ एमबीत आजचं एक पान धड मावत नाही, आणि जुना ब्राउझर टाकाल तर आजच्या साइटी त्याच्याशी बोलायलाच तयार होत नाहीत कारण त्याला नवं टीएलएस (साइटशी सुरक्षित बोलायची पद्धत) येत नाही. शिवाय तुमच्यासारख्या ३२ बिट प्रोसेसरवाल्यांचे दिवस भरले, डेबियनसारख्या डेबियन लिनक्सनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. अगदी हौसच असेल तर टायनी कोअर नावाचं चिमुकलं लिनक्स टाकून बघा, ते एवढ्या रॅममध्ये आरामात उठतं.

आणि तो आतला मॉडेम बहुतेक विनमॉडेम असणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॉडेमचं खरं काम करणारी चिप स्वस्ताईसाठी काढून टाकायची आणि ते काम विंडोजच्या ड्रायव्हरकरवी प्रोसेसरच्या गळ्यात मारायचं. ड्रायव्हरची माहिती कुणी द्यायचं नाही, त्यामुळे लिनक्समध्ये तो नुसता पत्र्याचा तुकडा. मला आठवतंय, लिनक्स टाकलं, छान डेस्कटॉप आला, आणि नेटच नाही. नेट चालू करायची कृती नेटवर! मग विंडोजमध्ये बूट, पान सेव्ह, फ्लॉपीवर कॉपी, परत लिनक्स, परत एरर, असं चार दिवस.

त्यात मॉडेमचा वेग ५६के म्हटलं तरी हातात यायचे सेकंदाला चार-पाच केबी. लिनक्सच्या सीडीची ६५० एमबीची एक आयएसओ फाइल त्या वेगाने उतरवायची तर दीड-दोन दिवस, तोही लाइन न तुटता. म्हणून तर मासिकाबरोबरच्या सीड्यांना एवढा भाव होता. पुढे उबुंटू लिनक्सवाले पोस्टाने फुकट सीडी पाठवायला लागले, २०११ पर्यंत पाठवत होते, मी मागवली होती आणि पाकीट अजून जपून ठेवलंय.

निळा_पडदा:
आला का ओपन सोर्सच्या (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या) आठवणींचा पूर! अहो वापरलंय की आम्हीपण. ग्राफिक्स यायला मॉनिटरचा सिंक रेट कॉन्फिग फाइलमध्ये हाताने भरायचा आणि वर इशारा की आकडा चुकला तर मॉनिटर जळेल. एक आरपीएम (प्रोग्रॅमचं पॅकेज) टाकायला गेलं की ते आणखी तीन मागायचं आणि त्यातलं एक पुन्हा पहिलंच. याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. तेव्हाचा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर आयई ५ हा नेटस्केप ४ या ब्राउझरपेक्षा सरळ सरळ चांगला होता, त्या नेटस्केपची खिडकी जरा लहानमोठी केली तरी पान नव्याने लोड व्हायचं. आणि गाणी वाजवणाऱ्या ज्या विनॅम्पच्या नावाने सगळे उसासे टाकतात ते तेव्हा कुठे ओपन सोर्स होतं?

ताईंना माझा सल्ला, त्या मशीनवर ९८ च ठेवा, ते त्याच्यासाठीच बनलंय. एमपीथ्री, सॉलिटेअर, जुने गेम, बास. फक्त नेटची केबल लावू नका.

टर्मिनलवाला:
निळाभाऊ, अर्धं पटलं. नेटस्केप ४ ची बाजू मीपण घेणार नाही. पण आयई ६ आला २००१ ला आणि आयई ७ थेट २००६ ला. मैदानात दुसरं कुणी उरलंच नाही म्हटल्यावर पाच वर्षं ढिम्म. मधल्या काळात नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला, आणि तो आला कशातून, तर नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये जो कोड उघडा केला त्या धाग्यातून (जुना कोड बराचसा टाकून द्यावा लागला हेही खरं). कंपनी बुडाली पण काम बुडालं नाही, मला एवढंच म्हणायचंय.

ताईंच्या फाइलींचं तेच. स्टारऑफिस १९९९ ला सन कंपनीने विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा सोर्स ओपनऑफिस म्हणून मोकळा केला, २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस फुटलं. ताई, तुमच्या फाइलींचं एक्स्टेन्शन एसडीडब्ल्यू असेल. मध्यंतरी लिब्रेऑफिसने त्या फाइली वाचणारा जुना फिल्टर काढून टाकला होता, मग लोकांनी वेगळी लायब्ररी लिहून तो परत आणला. ही असली बिनफायद्याची कामं कुठली कंपनी करेल? उघडतील तुमच्या फाइली. मांडणी थोडी हलेल, अक्षरं शाबूत राहतील. उघडल्या की लगेच ओडीटीमध्ये सेव्ह करा, तो २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा ठरलेला फॉरमॅट आहे, आणि जोडीला एक पीडीएफ काढून ठेवा.

अवांतर: विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा काउंटर ३२ बिटांचा होता, तो ४९.७ दिवसांनी भरायचा आणि मशीन गोठायचं. ९५ येऊन साडेतीनएक वर्षं होईपर्यंत हा बग कुणाच्या ध्यानातच आला नाही. सलग तितके दिवस चालवून दाखवणार कोण!

निळा_पडदा:
हा हा, घाव बरोबर बसला. फाइलींबाबत वाद नाहीच.

चारच_ओळी:
ईमेल राहिले. आउटलुक एक्स्प्रेस ५ असेल तर प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असते, विंडोजच्या फोल्डरात खोल कुठेतरी, इमेजमध्ये सरळ डीबीएक्स शोधा. अनडीबीएक्स नावाचं छोटं ओपन सोर्स टूल आहे, ते प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल काढून देतं, ती थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये उघडते. कधीकधी डिलीट केलेली पत्रंपण वर येतात, तेव्हा घरच्यांसमोर चालवू नका ;)
जुन्या रिअलप्लेअरच्या आरएम (गाणी-व्हिडिओ) फाइली निघाल्या तर व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून बघा.

धूळखात_पीसी:
मंडळी, उशिरा लिहितेय, सॉरी. सांगितलं तसंच केलं.

प्रोसेसरशेजारचे दोन कपॅसिटर फुगलेले निघाले, टोपी चक्क घुमटासारखी! प्लग लावला असता तर काय झालं असतं कोण जाणे. डिस्क काढली, अडॅप्टरला लावली, आधी कुईंऽऽ करून आवाज आला आणि मग नेहमीची ती करकर, ऐकून पोटात कसंतरीच झालं, रात्री दोन वाजता प्रोजेक्ट प्रिंटला देतानाचा आवाज. डीडीरेस्क्यूने पहिला फेरा अर्ध्या तासात संपवला आणि मग शेवटच्या तुकड्यावर रात्रभर अडून बसलं. सकाळी ४८ केबी सोडून सगळं आलेलं. टर्मिनलवाला दादा, खरंच खूप आभार, मॅप फाइलसाठी तर दोनदा, कारण मध्ये वायर माझ्याच पायात आली होती.

फ्लॉप्या ३० पैकी १९ वाचल्या, चार बुरशीवाल्या बाजूला ठेवल्या, उरलेल्या सात गेल्या. "फायनल २" सीडीचं वरचं चंदेरी पापुद्र्यासारखं सुटून आलंय, "फायनल" मात्र पूर्ण वाचली गेली, म्हणजे तीच खरी फायनल.

एसडीडब्ल्यू फाइली उघडल्या! एका रिपोर्टचं मार्जिन पार गेलंय आणि आकृत्या पानाबाहेर लटकतायत, पण मजकूर सगळा आहे. ईमेलही निघाले. २००१ चं एक माझंच पत्र सापडलं, मैत्रिणीला लिहिलेलं, की तू फोटो अटॅच करून पाठवू नकोस गं, २०० केबीचा आहे, उतरवायला मिनिटभर लागतं आणि घरचे फोनसाठी ओरडतात. लेकाला दाखवलं, तो म्हणाला २०० केबीत कसला फोटो येतो? मग दाखवला तो फोटो. अंगठ्याएवढा, आणि त्यातपण आम्ही दोघी ओळखू येत नाही.

आता त्याचं भंगाराचं म्हणणं थांबलंय, त्याला टायनी कोअर टाकून बघायचंय. तर आता पुढचा प्रश्न, ते दोन कपॅसिटर घरी बदलता येतात का? साधी सोल्डरिंग इस्त्री आहे माझ्याकडे.

रिकामी_फ्लॉपी:
येतात, पण मदरबोर्डला बरेच थर असतात, तांबं उष्णता ओढून घेतं आणि साध्या बारीक इस्त्रीने टाका लवकर वितळत नाही, मग माणूस जोर लावतो आणि पॅड उखडतं. आधी एखाद्या मेलेल्या बोर्डावर हात बसवा. नवा घेताना व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच, १०५ डिग्रीवाला, आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) सांगून मागा. पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह. जुने काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, २०० केबीपेक्षा मोठा चालेल :)