अगत्तीला विमानाने उतरलात का? डायव्हिंगवाल्यांनो, अनुभव लिहा

डिसेंबरात आम्ही दोघं लक्षद्वीपला जाऊन आलो, अगत्तीला, पाच डाइव्ह केले. पण घरी आल्यापासून बघतोय, मी पाण्याखालचं कमी आणि त्या रनवेचंच जास्त सांगत सुटलोय, म्हणून हा धागा.

कोचीहून दीडेक तास, एटीआर, पंख्याचं विमान. तासभर नुसतं निळं बघून डोळे पेंगले होते आणि मग एकदम खाली हिरवट-पोपटी लगून, म्हणजे पोवळ्यांच्या कड्याच्या आतलं उथळ पाणी. विमान उतरतंय, चाकं बाहेर आलेली खिडकीतून दिसतायत, आणि डावीकडे पाणी, उजवीकडे पण पाणी. बायको म्हणाली, अहो जमीन कुठाय? मी काय सांगणार, मलाही दिसत नव्हती! शेवटच्या दोन सेकंदात माड आले आणि धाडकन टेकलो, मग असा काही ब्रेक की पुढच्या सीटवर हात टेकवावा लागला. रनवे जेमतेम 1200 मीटर, मुंबईचा मोठा साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिसरा हिस्साच. तिथं बेटाची रुंदीच इतकी कमी की दोन्ही अंगांना लगेच समुद्र. शेजारची बेटावरची बाई मात्र हे सगळं होत असताना ढाराढूर झोपलेली.

तुमचं कसं झालं ते लिहा. परमिट कसं काढलं वगैरे सोडा, ते आधी काढूनच जायचं असतं, त्यावर बोलून झालंय.

चष्मिस डायव्हर

माझी बॅग कोचीलाच राहिली. रनवे छोटा म्हणून विमान पूर्ण भरून नेता येत नाही, वारा, ऊन बघून वजन कमी करतात आणि त्या दिवशी नेमकी आमची तीन जणांची सामानं उतरवली. कंपनीचं नाव नको, माणसं बिचारी चांगली होती, बॅग दुसऱ्या दिवशी आली. पण माझा नंबरचा मास्क त्यात! मला उणे साडेपाच आहे. साध्या मास्कने पहिला डाइव्ह केला, डाइव्ह मास्टर बोटाने काहीतरी दाखवतोय आणि मी आपली अंगठा-तर्जनीची गोल खूण करून ओके ओके करतेय. वर आल्यावर कळलं, मांटा रे होता, तो मोठा चपटा मासा, पंख पसरलेला. मला एक काळसर चादर हलल्यासारखी वाटली होती. तेव्हापासून मास्क हातातल्या पिशवीत, कपडे गेले तरी चालतील.

मालवणचो गडी

तारकर्लीक कोर्स केलेल्यांनी एक लक्षात ठेवा, आपल्याकडे कधीकधी स्वतःच्या पायातले फिन्स (पोहायचे पंख) दिसत नाहीत, तिथं खालचा तळ बोटीतूनच दिसतो. त्यामुळे खोलीचा अंदाज पार चुकतो. मला वाटलं आठ मीटर असेल, गेजवर बघतो तर सतरा.

सायनसवाली

ही चूक माझीच. सर्दी होती, तरी गोळी घेऊन विमानात बसले. उतरताना डावा कान जो बंद झाला तो उघडेचना, नाक दाबून फुंकून बघितलं, जांभया दिल्या, काही नाही. इन्स्ट्रक्टर मल्याळी, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, त्याने लगून मध्ये दोन मीटरवर नेलं, मी कानाकडे हात केल्याबरोबर वर काढलं आणि म्हणाला चेची (ताई), नो डाइव्ह. मी रडायचीच बाकी होते. मग तीन दिवस काठाकाठाने स्नॉर्केलिंग. कासवं मात्र इतकी, की मोजणं सोडून दिलं. समुद्रगवत खात बसलेली, माणसाला हिंग लावून विचारत नाहीत. तिथल्या मच्छीमारांना त्यांचा राग आहे म्हणे, गवत संपलं की मासे कमी होतात.

डोंबिवली फास्ट

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशी दुपारनंतर डाइव्ह विसरा. बरेच डाइव्ह झाले असतील तर उडण्याआधी किमान 18 तास पाहिजेत, अंगातला नायट्रोजन निघायला. आमच्यातला एक जण 'एकच छोटा मारतो' म्हणून हट्टाला पेटलेला, त्याला बाकीच्यांनी शब्दशः धरून ठेवलं. आणि पोराने खिशात टाकलेला पोवळ्याचा तुकडा एअरपोर्टवर काढून घेतला, वर चांगलं झापलं. वन्यजीव कायदा आहे बाबांनो, किनाऱ्यावर पडलेला असला तरी उचलू नका.

जुना लाकूडतोड्या

तुम्ही एटीआरला घाबरता! विमानतळ 1988 ला सुरू झाला, त्यानंतर चारेक वर्षांनी वडिलांची कोचीला बदली होती म्हणून आम्ही गेलेलो, 19 सीटचं डॉर्निअर. सामानाबरोबर माणसांचंही वजन केलं, आई वजनकाट्यावर उभी राहायला तयार नव्हती ते अजून घरात सांगतात. तेव्हा स्कूबा कुठलं, चड्डीवर पाण्यात. पण रनवेच्या टोकापलीकडे कल्पिट्टी नावाचं चिमुकलं बेट आहे ना, त्या बाजूला फांद्यांची पोवळी अशी दाट होती की पाय ठेवायला जागा शोधावी लागायची. 2019 ला मुलीबरोबर डाइव्हला गेलो. मधे 1998, 2010, 2016, तीनदा पाणी तापून पोवळी पांढरी पडून गेलेली. मुलगी वर आली ती नाचतच, बाबा काय भारी आहे. मी हो म्हटलं.

चष्मिस डायव्हर

काका, मुलीला सांगितलंत का नंतर?

जुना लाकूडतोड्या

नाही. संध्याकाळी जेट्टीवर कुप्याचं (ट्यूना माशाचं) कालवण आणि भात खाल्ला, झोपलो.