रोज बॅगेत ठेवायला छोटा फिक्स्ड ब्लेड चाकू: कामासाठी घ्या, स्वसंरक्षणासाठी नको

गडवाट
पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये चाकू कुठला घ्यायचा हा विषय निघतोच. यंदा मात्र बरेच जण पुढे जोडतायत, "सेल्फ डिफेन्सलाही चालेल असा सांग." माझं मत स्पष्ट आहे, छोटा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न दुमडणारा चाकू, जरूर घ्या पण कामासाठी घ्या, अंगावर कोणी आलं तर कामी येईल या भरवशावर घेऊ नका. पटत नसेल त्यांनी खाली भांडावं.

आधी कामाचं. दुमडणारा चाकू खिशात मस्त बसतो, पण सह्याद्रीतल्या पावसात त्याच्या सांध्यात चिखल जातो, टोमॅटोचा रस जातो, नीट सुकत नाही, आणि ओल्या दोरीवर जोर लावताना लॉक सुटला तर पातं सरळ बोटांवर मिटतं. फिक्स्डला ही भानगडच नाही, धुतला, पुसला, म्यानात घातला. पातं ३ ते ४ इंच बास झालं, जाडी २.५ ते ३ मिमी. ऑनलाइन ते ५ मिमी जाडीचे काळे, कवटीचं चित्र आणि पाठीवर करवतीचे दाते असलेले टॅक्टिकल चाकू मिळतात ना, त्यांनी कांदा चिरला जात नाही, फुटतो. आणि दात्यांनी लाकूडही धड कापलं जात नाही.

मी स्वीडनचा मोरा कंपॅनियन वापरतो. स्टेनलेस, पातं ४ इंचांच्या आसपास, २.५ मिमी जाड, रबरी मूठ ओल्या हातातूनही सटकत नाही आणि मुठीच्या पुढच्या टोकाला उंचवटा आहे त्यामुळे बोट धारेवर घसरत नाही. आणखी छोटा हवा तर त्यांचाच एल्ड्रिस आहे, पातं जेमतेम ६ सेंमी. १०९५ (पोलादाचा एक प्रकार) सारखं कार्बन स्टील धार लावायला सोपं, पण जुलैत एक रात्र ओल्या म्यानात राहिलं की सकाळी पात्यावर तांबूस डाग, मग रोज खोबरेल तेलाचा हात फिरवत बसा. चामड्याचं म्यान दिसायला देखणं पण ओल धरून ठेवतं. आपल्याकडच्या हवेला प्लास्टिकचंच बरं, तळाला पाणी निघायला भोक असलेलं.

आता स्वसंरक्षण. चाकू चालवायचा तर समोरचा हाताच्या अंतरावर यावा लागतो, म्हणजे ज्याच्यापासून लांब पळायचं त्यालाच जवळ येऊ द्यायचं. बॅगेची चेन, मग म्यान, मग पकड, तोवर तो येऊन भिडलेला असतो, आणि झटापटीत चाकू कोणाच्या हातात जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. ओरडा, पळा, मिरचीचा स्प्रे मारा, ११२ लावा. चाकू या यादीत मी घेणारच नाही.

अर्चना_के
"पळा" म्हणणं फार सोपं आहे हो दादा. माझी लॅबची ड्यूटी रात्री संपते, कल्याणला उतरून रिक्षा स्टँडपर्यंत जो बोळ आहे तिथे पळायचं कुठे ते सांगा. स्प्रेचं पण ऐका, रिक्षात बसल्या बसल्या मारला तर वाऱ्याने माझ्याच डोळ्यात येणार, आणि बाटली मुदत संपून गेली तरी पर्समध्ये तशीच पडलेली असते हे कोणाच्या लक्षात राहतं? माझ्या पर्समध्ये फळं कापायचा छोटा चाकू असतो. तो काढून मी कोणाशी लढणार नाहीये, पण तो आहे म्हणून मी मान वर करून चालते आणि मान वर करून चालणारीच्या वाटेला लोक कमी जातात हे मी रोज बघते. तुम्ही ट्रेकवाले दिवसाउजेडी ग्रुपने फिरता, तुमच्या हिशोबाने आमचं मोजू नका.

डोंबिवलीकर
अर्चनाताईंना अनुमोदन. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर मुंबईत शिवसेनेने महिलांना छोटे चाकू वाटले होते, आठवत असेल. तेव्हाही नाकं मुरडणारे पुरुषच जास्त होते. आणि संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये लेडीज डब्यात जाऊन बघा, बायका घरी पोचायच्या आत भाजी निवडून मोकळ्या, सुरी असतेच की कोणाकडे ना कोणाकडे. कोणी धरतं का त्यांना?

नाशिककर_वकील
धरत नाहीत, कारण मांडीवर गवार असते. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय म्हणून लिहितो.

पहिली, स्वतःचा बचाव करायचा हक्क. तो आहेच, आधी भादंविच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूने हल्ला असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट कायम आहे.

दुसरी, चाकू जवळ बाळगणं. हा वेगळाच विषय. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात धरलंय, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं सोडून. लोक एवढंच वाचतात आणि म्हणतात, माझा तर ४ इंची. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७(१) आहे, त्याखाली आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात आणि तिथे इंचाचा हिशोब नसतो, चाकू, सुरे, काठ्या, लाठ्या सगळं आलं. सण, निवडणुका, मोर्चे, काही ना काही निमित्ताने शहरांत हे आदेश वरचेवर लागू असतात. आदेश मोडला तर कलम १३५. तेव्हा चौकीत "हा कशाला?" विचारल्यावर "स्वसंरक्षणासाठी" असं उत्तर दिलंत की तुम्हीच त्याला शस्त्र ठरवलंत. डब्याबरोबर, फळांबरोबर असलेला चाकू आणि कमरेला शर्टाखाली लपवलेला चाकू या दोघांकडे पोलीस एकाच नजरेने बघत नाहीत.

मालवणचो_झील
आमच्याकडे बागेत जाणारा माणूस कमरेला आकडी (कोयती अडकवायचा आकडा) बांधतो, आकडीत कोयती, आणि तसाच बाजारातून चहा पिऊन जातो, कोणाला काही वाटत नाही. तोच माणूस पुण्यात गेला तर? कोयता गँगच्या बातम्या यायला लागल्यापासून नारळ सोलणाऱ्याकडेपण लोक वळून बघतात. म्हणून वकीलसाहेबांचा मुद्दा पटतो, पण जे शहरात गुन्हा तेच गावात रोजचं काम, हे पण लिहा.

आणि गडवाट, तो स्वीडन कशाला? आमचा लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून सुरी बनवून देतो, पाणी (तापवून विझवून कडक करणं) असं देतो की वर्षभर धार टिकते.

गडवाट
@मालवणचो_झील, लोहाराच्या सुरीला माझा विरोध नाही, पाट्याचं पोलाद चांगलंच असतं. पण पाणी कसं बसलंय ते लोहाराच्या हातावर आहे, एका सुरीला बसतं, दुसरीला कच्चं राहतं. घेताना धारेजवळ हलकेच कानस लावून बघा, कानस सहज कापत गेली तर ती सुरी परत ठेवा. आणि गंजाचं काय, ते लोखंड स्टेनलेस नाही.

@अर्चना, तुम्ही बोळाचं लिहिलंत ते खोटं नाही. पण मान वर करून चालणं हे तुमचं आहे, चाकूचं नाही. पर्समधला चाकू समोरच्याला दिसतच नाही तर तो त्याला घाबरेल कसा? आणि दिसायला लागला त्या क्षणाला तुम्ही झटापटीत आहात. हातात फोन ११२ वर तयार, दुसऱ्या हातात स्प्रे, आणि तोही रिक्षात नाही, बोळात शिरायच्या आधी पर्समधून काढलेला. स्प्रे लांबून लागतो, नेम थोडा चुकला तरी चालतो आणि हिसकावला गेला तरी जीव जात नाही. मला माझ्या बहिणीच्या हातात तोच हवाय.

अर्चना_के
दिसत नाही हे बरोबर, पण मला माहीत असतं ना. आणि ११२ लावल्यावर गाडी येईपर्यंतची मिनिटं कोणाची? माझीच. स्प्रे घेईन, वारा कुठून येतो ते बघून मारायलाही शिकेन, पण चाकू काढणार नाही. डबा असतो, पेरू असतो, विचारलं तर दाखवीन.

रानभूल
धागाकर्त्याला एक विचारायचंय. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, कोयना हे सगळे अभयारण्याचे भाग. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, आणि त्याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन लिहिलेला आहे. मग तुम्ही ट्रेकला चाकू घ्या म्हणून सांगता ते कशाच्या जोरावर? आम्ही वनखात्याबरोबर जंगलात शिकारीसाठी लावलेले फासे काढायला जातो, फासे लावणाऱ्याच्या झोळीत काय सापडतं ते आम्ही बघतो. गार्डने तुमच्या सॅकमधला चाकू बघून तुम्हाला अडवलं तर मी गार्डच्या बाजूने उभा राहीन.

गडवाट
मी पण. तुम्ही म्हणता त्या ठिकाणी आम्ही पायथ्याच्या गावात जेवण सांगतो, पाचनईत झुणका भाकरी मिळते, खिरेश्वरला मिळते, चाकूची गरजच पडत नाही, तो गाडीत राहतो. अभयारण्याबाहेरचे गड, शेतातला कॅम्प, नदीकाठी स्वयंपाक, माझी शिफारस तेवढ्यासाठी आहे.

नवखा_ट्रेकर
एक बारीक प्रश्न, मोराला धार कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या धारवाल्याकडून लावली तर चालेल का? २० रुपयात होतं.

गडवाट
नको. त्या चाकावर ठिणग्या उडतात, पातळ धार तापून निळसर झाली की तिथलं पाणी उतरलं, मग ती धार टिकणारच नाही. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड घ्या, भिजवा, पात्याचा तिरपा भाग पूर्ण दगडावर टेकवून दोन्हीकडून सारखे हात मारा, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटा, म्हणजे धार मागे ठेवून, ओढा.