मदत हवी आहे: एमजीबीत व्ही८ बसवलं, स्टीअरिंग अडकतंय

लेस्टरकर
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. माझ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, एमजीबीत, रोव्हरचं व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन टाकलंय. इंजिन जागेवर बसलं, गिअरबॉक्सही लागला, पण उजवीकडचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) स्टीअरिंगच्या जॉइंटला लागतंय. स्टीअरिंग फिरवलं की एका ठिकाणी खट्ट करून अडकतं. मॅनिफोल्ड ठोकून आत दाबू की जॉइंट थोडा घासू? शेजारच्या गॅरेजवाल्याने जॉइंटला ग्राइंडर मारायला सांगितलंय. माझं गॅरेज भाड्याचं आहे, महिनाअखेरीस रिकामं करायचंय. लवकर सांगा प्लीज.

स्मिता_डर्बी
जॉइंटला ग्राइंडर अजिबात लावू नका. स्टीअरिंगचा युनिव्हर्सल जॉइंट आहे तो. घासून कमजोर केलात आणि मोटरवेवर तुटला तर चाकं तुमचं ऐकणार नाहीत. ज्यानं हा सल्ला दिला त्याला गाडीखाली हातही घालू देऊ नका.

आता माहिती द्या. गाडी कोणत्या वर्षाची? क्रोमचा बंपर की रबराचा? मॅनिफोल्ड कोणतं, ओतीव लोखंडी की नळ्यांचं? यावर सगळं अवलंबून आहे.

लेस्टरकर
एमजीबी म्हटलं की एमजीबीच ना. इंजिन ३.९ आहे, रेंज रोव्हरमधलं. मॅनिफोल्ड इंजिनासोबतच आलं.

बॉनेटखाली
रेंज रोव्हरचं मॅनिफोल्ड रेंज रोव्हरसाठी बनलंय, तिथे दोन्ही बाजूंना भरपूर जागा असते. एमजीबीत ते लागणारच.

एक गोष्ट डोक्यात ठेवा. १९७४ च्या शेवटी रबराचे बंपर आले, तेव्हापासून कंपनीने सगळ्याच गाड्यांना व्ही८ ची इंजिन-बे दिली. त्या गाडीत हे काम बरंच सोपं जातं. क्रोम बंपरची गाडी असेल तर बल्कहेड (इंजिनामागची पत्र्याची भिंत) आणि आतले विंग (चाकावरचे आतले पत्रे) थोडे ठोकावे लागतात, स्टीअरिंगचा कॉलम म्हणजे दांडाही बदलावा लागतो. म्हणून स्मिताताईंनी वर्ष विचारलं. सांगा.

अ‍ॅबिंग्डन_६२
मला मुळात हे कळत नाही की चांगली गाडी का फाडायची. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन ९५ हॉर्सपॉवर देतं, पाच बेअरिंगची क्रँक असेल तर वर्षानुवर्षं चालतं. बोअर वाढवून १९५० सीसी करा, हेड चांगलं बसवा, कॅम बदला. नाहीतर सुपरचार्जर लावा. मूळ गाडी तशीच राहील आणि किंमतही राहील.

बॉनेटखाली
विचारलंय काय, सांगताय काय? इंजिन आत बसलेलं आहे. आणि 'मूळ गाडी' म्हणाल तर कंपनीनेच १९७३ ते १९७६ मध्ये ३५२८ सीसीच्या व्ही८ सह २५९१ जीटी, म्हणजे बंद छताच्या एमजीबी, बनवल्या, १३७ हॉर्सपॉवरच्या. त्याआधी केन कॉस्टेलोने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये हेच करून दाखवलं होतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, मुळात ब्यूकचा. वजन जुन्या लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच राहतं, त्यामुळे पुढचा भाग जड होत नाही.

अ‍ॅबिंग्डन_६२
एमजीसी या एमजीबीच्याच भावंडाबद्दलही तेच म्हणत होते. सहा सिलिंडर, २९१२ सीसी, आणि वळणावर नाक बाहेर पळायचं.

बॉनेटखाली
एमजीसीचं इंजिन लोखंडी होतं. मी अ‍ॅल्युमिनियमबद्दल बोलतोय. दोन्ही एका मापात मोजू नका.

आप्पा_कोथरूड
बाळा, माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली. तिच्यात दुसरं इंजिन टाकायचा विचार मीही केला होता. पण इथे आरटीओची परवानगी घेतल्याशिवाय इंजिन बदलता येत नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ अवस्थेत असावी लागते, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. २०२१ च्या नियमांत तसं आहे. नव्या नोंदणीला वीस हजार फी. तेव्हा तू गाडी इकडे आणणार असशील तर इंजिन बदलू नकोस.

लेस्टरकर
आप्पा, गाडी इथे इंग्लंडात लेस्टरलाच राहणार आहे, भारतात आणायची नाहीये. तुमचा मुद्दा कळला, पण मला आत्ता जॉइंटचं उत्तर हवंय.

गाडी १९७१ ची, जीटी, क्रोम बंपर. कॉलम मूळचाच आहे. गिअरबॉक्स रोव्हर एसडी१ गाडीचा, पाच गिअरचा.

स्मिता_डर्बी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, आता उत्तर देता येईल. दोन वाटा आहेत.

पहिली वाट, आतल्या विंगमधून बाहेर जाणारं नळ्यांचं मॅनिफोल्ड. १९९२ मध्ये आलेल्या एमजीच्या आरव्ही८ गाडीची ही पद्धत. नळ्या इंजिनाच्या बाजूने खाली न जाता आतल्या विंगला पाडलेल्या भोकातून चाकाच्या मागे उतरतात. म्हणजे कॉलमच्या वाटेत त्या येतच नाहीत. शिवाय बॉनेटखालची उष्णता बरीच कमी होते, आणि व्ही८ मध्ये हा त्रास खरा आहे.

दुसरी वाट, व्ही८ चा छोटा कॉलम. पण मग कॉलम, रॅक (चाकं वळवणारी दात्यांची पट्टी) आणि क्रॉसमेंबर (पुढची आडवी तुळई) एकाच मॉडेलचे घ्यायचे. क्रोमचा रॅक आणि रबरवाल्याचा कॉलम अशी सरमिसळ केलीत तर जॉइंट तिरका चालतो आणि स्टीअरिंग जड-हलकं होत राहतं.

माझं मत पहिल्या वाटेला. तुमचा रॅक-कॉलम जसाच्या तसा राहील.

बॉनेटखाली
स्मिताताईंशी सहमत. फक्त भोक पाडण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. आणि पत्र्याची नुसती कड ठेवू नका, भोवती वेल्ड करून पट्टी द्या. आतला विंग गाडीच्या ताकदीचा भाग आहे.

नळ्या आणि कॉलम यांच्यात अंतर चांगलं ठेवा. इंजिन बंद असताना बोट जातं एवढ्यावर समाधान मानू नका. रबराच्या माउंटिंगवर व्ही८ बरंच हलतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कलतं. एकाने ब्रेक दाबून थोडा क्लच सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढे कुणी उभं राहू नका.

वीजवाला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा इलेक्ट्रिक करा ना. एक्झॉस्टच नाही, म्हणजे जॉइंटला लागायचा प्रश्नच नाही. टॉर्क शून्यापासून मिळतो. बॅटरी मागे-पुढे विभागून ठेवली की तोलही जमतो.

अ‍ॅबिंग्डन_६२
मग एमजीबी कशाला, मिक्सरच घ्यावा.

वीजवाला
शहरात रोज फिरवायची गाडी असेल तर मी पुन्हा तेच सांगेन. ज्यांना आवाज हवा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे.

स्मिता_डर्बी
वीजवाले, वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येईन. इथे इंजिन आधीच आत आहे.

लेस्टरकर, मागचा अ‍ॅक्सल बदललात का? मूळ ३.९०९ गुणोत्तराचाच असेल ना?

लेस्टरकर
अ‍ॅक्सलला हात लावलेला नाही. त्याचा याच्याशी काय संबंध?

स्मिता_डर्बी
आत्ताच्या खटखटीशी नाही, पण नंतर वैताग येईल. कंपनीच्या जीटी व्ही८ ला ३.०७ दिलं होतं, चौथ्या गिअरवर ओव्हरड्राइव्ह वेगळा. तुमच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर साधारण ०.७९ आहे. ३.९०९ गुणिले ०.७९ म्हणजे जवळपास ३.०९. म्हणजे तुमचा पाचवा गिअर कंपनीच्या चौथ्याएवढा! पहिल्यात तर क्लच सोडता सोडता दुसरा टाकावा लागेल. ३.०७ चं क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकं) शोधून ठेवा. ते लगेच मिळत नाही.

बॉनेटखाली
आणि ब्रेक. व्ही८ ला पुढच्या डिस्क जाड आणि कॅलिपर मोठे होते. साध्या ब्रेकवर ३.९ चालवू नका. ऑइल फिल्टरही बघा. तो जागेवर बसत नाही म्हणून कंपनीने वेगळीकडे नेला होता. रेडिएटरसमोर दोन विजेचे पंखे लावा. इंजेक्शन ठेवणार की कार्ब्युरेटर? रेंज रोव्हरचा इंजेक्शनचा वरचा डबा बॉनेटला लागतो. आरव्ही८ ला त्यासाठी बॉनेट फुगवावं लागलं. कंपनीच्या जीटी व्ही८ ने एसयू कार्ब्युरेटर मागे नेऊन ते टाळलं.

लेस्टरकर
इंजेक्शन नाही, कार्ब्युरेटर. बॉनेट बंद होतंय, ते बघून घेतलंय. पंखे आहेत. ब्रेक यादीत घेतो.

एमओटीचं, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी-तपासणीचं काय? वय चाळीसच्या वर असल्याने माझ्या गाडीला सूट आहे ना?

अ‍ॅबिंग्डन_६२
इथे मी मनापासून सांगतो, सूट गृहीत धरू नका. नियमात 'मोठा बदल' नसावा असं आहे. सिलिंडरांची संख्या बदलली तर तो मोठा बदल धरला जाण्याची शक्यता जास्त.

बॉनेटखाली
शक्यता जास्त, पण हमखास नाही. त्याच मॉडेलला कंपनीने दिलेलं दुसरं इंजिन असेल तर तो मोठा बदल धरत नाहीत, आणि जीटीला व्ही८ कंपनीचंच होतं. त्याच मूळ इंजिनाचं वेगळं सीसीही चालतं.

स्मिता_डर्बी
तुमचं दोघांचं बरोबर आहे, आणि तरी माझं मत: सूट मिळाली तरी दरवर्षी एमओटी करा. गाडी घरी जुळवलेली आहे. दुसऱ्या कुणीतरी तिच्याखाली शिरून स्टीअरिंग, ब्रेक, वेल्डिंग बघावं. आणि इंजिनाचा नंबर व सीसी डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला कळवा. विमा कंपनीला तर आधी सांगा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

लेस्टरकर
ठरलं. विंगमधून जाणारं मॅनिफोल्ड मागवतो. तोवर उजवीकडचं मॅनिफोल्ड काढून गाडी ट्रेलरवर घालून मित्राच्या शेडमध्ये नेतो, म्हणजे गॅरेज रिकामं होईल. ३.०७ कुणाकडे असेल तर कळवा. स्मिताताई, पुठ्ठ्याचा साचा झाला की फोटो टाकतो, भोक पाडायच्या आधी बघून सांगाल का?

स्मिता_डर्बी
टाका. फोटोत कॉलम आणि चाकाची कमान दोन्ही दिसू दे, स्टीअरिंग आधी पूर्ण उजवीकडे आणि मग पूर्ण डावीकडे वळवून.

अ‍ॅबिंग्डन_६२
जुनं १७९८ चं इंजिन काय करताय? विकायचं असेल तर मी घेतो. क्लच आणि स्टार्टरसकट असेल तर येऊन घेऊन जाईन.