लेव्हल २४, मायनिंग ५२: आता पुढे काय?

ए-२०४:
सर्वांना नमस्कार. आपल्या इमारतींतले आम्ही चौघे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन खेळ एकत्र खेळतो, हे ग्रुपवर बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून इथेच विचारतो. माझा वॉरियर (लढवय्या पात्र) लेव्हल २४ वर पोहोचला आहे, पण त्याचे मायनिंग (खाणकाम) ५२ गुणांवर आणि ब्लॅकस्मिथिंग (लोहारकाम) ६० वर अडकले आहे. रेडरिज या प्रदेशात कथिलाच्या शिरा समोर दिसतात. मात्र त्यांना मायनिंग ६५ लागते, त्यामुळे रिकाम्या हाताने पुढे जावे लागते. कथील नाही म्हणून कांसे नाही, आणि कांसे नाही म्हणून ब्लॅकस्मिथिंग सरकत नाही. शनिवारी बाकीचे डेडमाइन्स या डन्जनमध्ये (गटाने लढायच्या जागी) गेले तेव्हा मी एल्विनच्या रानात तांबे शोधत फिरत होतो आणि संपूर्ण संध्याकाळभर माझी लेव्हल जराही वाढली नाही. लोहारकाम सोडावे की लेव्हल काही दिवस थांबवावी, हे मला ठरवता येत नाही.

सी-३०२:
तुझी अडचण मला नीट कळते, कारण माझ्या पहिल्या वॉरियरचेही असेच झाले होते. आधी हे कशामुळे झाले ते पाहू. तू लेव्हल १० ते २० या टप्प्यात क्वेस्ट (खेळात दिलेली कामे) भराभर उरकल्या आणि वाटेत दिसलेल्या शिरा ‘नंतर बघू’ म्हणून सोडल्या. आता तांबे तुझ्यासाठी हिरव्या रंगाचे झाले आहे, म्हणजे प्रत्येक शिरेमागे गुण मिळेलच असे नाही. जो गुण मायनिंग २० वर असताना एका शिरेत मिळत होता, त्याच एका गुणासाठी आज चार-पाच शिरा फोडाव्या लागतात. उशीर केला की काम नुसते साचत नाही, ते महागही होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. २०१० मध्ये कॅटॅक्लिझम हा विस्तार आल्यापासून खेळाच्या मुख्य, आधुनिक आवृत्तीत खनिज किंवा वनस्पती गोळा केल्यावरही अनुभवगुण मिळतात, म्हणून त्या आवृत्तीचे खेळाडू ‘गोळा करत राहा, लेव्हल आपोआप वाढेल’ असे सांगतात. आपण खेळतो त्या क्लासिकमध्ये खाणीतून एकही अनुभवगुण मिळत नाही, त्यामुळे तो सल्ला इथे लागू होत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या पात्राने लेव्हल ४० पर्यंत काहीही बनवूच नये, फक्त गोळा करावे आणि विकावे. लेव्हल ४० ला घोडा घ्यायचा तर स्वारीचे प्रशिक्षण आणि घोडा मिळून सुमारे १०० सोन्याची नाणी लागतात, आणि ज्याने तोवर आपले सगळे तांबे-कथील ठोकून संपवले, तो पुढे कितीतरी दिवस पायीच फिरतो. तू बनवलेले तांब्याचे चिलखत लेव्हल २४ ला क्वेस्टमध्ये मिळणाऱ्या चिलखतापुढे टिकत नाही, हे तूही पाहिले असशील. म्हणून ब्लॅकस्मिथिंग सोड आणि त्याजागी स्किनिंग (कातडे काढणे) घे. हर्बलिझम (वनस्पती गोळा करणे) मात्र घेऊ नकोस, कारण नकाशावर एका वेळी खनिजे तरी दिसतात किंवा वनस्पती तरी, दोन्ही एकदम दिसत नाहीत. मारलेल्या जनावराचे कातडे काढायला तसा कोणताही शोध लागत नाही.

बी-१०३:
दादांचा अनुभव मोठा आहे, तरीही शेवटचा सल्ला मला पटत नाही. स्किनिंग आज घेतले तर ते १ पासून सुरू होईल. लेव्हल २० पर्यंतच्या जनावरांचा हिशेब वेगळा असतो, पण त्यापुढे जनावराच्या लेव्हलच्या पाचपट स्किनिंग लागते, म्हणजे लेव्हल २४ च्या जनावराला १२०. तेवढे होईपर्यंत या मुलाला पुन्हा एल्विनमध्येच लांडगे मारत बसावे लागेल, आणि तिथल्या इतक्या खालच्या लेव्हलच्या लांडग्यांपासून त्याला अनुभवगुणही मिळणार नाहीत. मायनिंगमध्ये त्याला फक्त १३ गुण कमी आहेत. १३ गुणांसाठी मागे जाणे परवडते. १२० साठी मागे जाणे, तेही हातातले ६० गुणांचे काम कायमचे पुसून, मला योग्य वाटत नाही.

‘काहीही बनवू नये’ हेही सरसकट खरे नाही. माझी मेज (जादूगार पात्र) टेलरिंग (शिवणकाम) करते आणि तिला कापड शोधायला वेगळे कुठे जावे लागत नाही, कारण ज्या माणसांशी क्वेस्टमध्ये लढायचे असते त्यांच्याकडेच ते सापडते. तिच्या बाबतीत लेव्हल आणि शिवणकाम एकाच वाटेने चालतात. लोहाराची वाट वेगळी आहे, त्याला रस्ता सोडून डोंगराच्या कडेला जावे लागते, म्हणून त्याचे नियमही वेगळे असायला हवेत.

ए-१०१:
मी खेळत नाही, तरी आयुष्यभर डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या खाणींवर काम केल्यामुळे हे वाचताना राहवत नाही. या खेळात तांबे आणि कथील किती प्रमाणात मिसळतात?

ए-२०४:
काका, तांब्याची एक आणि कथिलाची एक अशा दोन कांबी वितळवल्या की काशाच्या दोन कांबी मिळतात.

ए-१०१:
प्रत्यक्षात साधारण नऊ भाग तांब्याला एक भाग कथील पुरते. निम्मे कथील घातले तर धातू इतका ठिसूळ होईल की त्याची तलवार घणाखाली फुटेल. पण खनिज खणायचे एकाने आणि धातू घडवायचा दुसऱ्याने, ही कामाची वाटणी अगदी बरोबर आहे. खाणीवर आम्ही कोणीच लोखंड ओतत नव्हतो. तुम्ही चौघे आहात, तर चौघांनी सगळेच का करावे?

सी-३०२:
काकांचा मुद्दा मोलाचा आहे, आणि बी-१०३ च्या ताईंचा हिशेब बरोबर आहे. स्किनिंगला शून्यापासून सुरुवात करायला लावणे ही माझी चूक होती. मी ते नव्या पात्राला सांगितले असते तर योग्य ठरले असते. माझे म्हणणे आता बदलतो. दोन्ही कामे ठेव, पण ब्लॅकस्मिथिंग ६० वरच थांबव आणि फक्त मायनिंग लेव्हलच्या बरोबरीने ने. लोहारकाम थांबवल्याने काही अडत नाही. १५० च्या पुढचे प्रशिक्षण लेव्हल २० ला खुले होते आणि २२५ च्या पुढचे लेव्हल ३५ ला, पण त्या लेव्हलला ते घेतलेच पाहिजे असा नियम नाही. खाणीला मात्र थांबवता येत नाही, कारण पुढच्या प्रदेशात लोखंड १२५ मागते आणि मिथ्रिल १७५.

वेळेची आखणी कशी करावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डन्जनमध्ये पाच जण असतात. आपल्या घरची वीज गेली की उरलेल्या चौघांचा खेळ मोडतो, आणि पुढे उभा राहून मार झेलणारा वॉरियरच नाहीसा झाला तर सगळे मरतात. म्हणून जोराच्या पावसाच्या संध्याकाळी एकट्याने खाणकाम करावे आणि उघडीप असेल तेव्हा लेव्हलसाठी सर्वांनी मिळून खेळावे. मी हे दोन पावसाळे पाळले आहे आणि त्यामुळे कोणाशी कधी वाद झाला नाही.

दररोज खेळ संपवून उठताना पात्राला इनमध्ये (खेळातल्या सराईत) नेऊन मगच लॉगआउट कर. तिथे दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के इतकी विश्रांती जमा होते, बाहेर कुठेही सोडले तर तेवढ्यालाच चौपट वेळ लागतो. चवथीला आपण सगळे पाच दिवस गावच्या घरी जातो, तेवढ्यात पाऊण लेव्हलची विश्रांती साठते आणि परतल्यावर मारलेल्या शत्रूंपासून दुप्पट अनुभवगुण मिळतात. मी ते दिवस खाणीत घालवत नाही, कारण साठलेली विश्रांती फक्त लढाईतच उपयोगी पडते. चवथीच्या आधीचा आठवडा खाणीचा आणि नंतरचा आठवडा लढाईचा, अशी माझी विभागणी असते.

बी-१०३:
आता मला सर्व पटले. एकच भर घालते. फर्स्ट एड (प्रथमोपचार) हे पात्राच्या मुख्य दोन प्रोफेशनमध्ये (व्यवसायांत) मोजले जात नाही, तेव्हा ते प्रत्येकाने शिकावेच. वॉरियरला स्वतःच्या जखमा भरून काढण्याची जादू नसते. प्रत्येक लढाईनंतर बसून खात राहण्यापेक्षा पट्टी बांधली तर तो लवकर उठतो, आणि असा वाचलेला वेळ लेव्हललाच मिळतो. माझ्या मते वॉरियरसाठी हेच पहिले कारागिरीचे काम आहे, लोहारकाम त्यानंतर.

ए-२०४:
दादा, ताई, काका, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मी असे ठरवले आहे की उद्या आणि परवा वेस्टफॉल प्रदेशाच्या कडेकडेने तांबे काढून, ते वितळवून ६५ गाठतो, कारण तिथे माझ्या काही क्वेस्टही उरल्या आहेत. त्यानंतर मिळणारे कथील ऑक्शन हाउसमध्ये (खेळातल्या लिलाव बाजारात) विकून घोड्यासाठी पैसे साठवतो. विक्रीतून ५ टक्के कापले जातात, तेही हिशेबात धरले आहे. फर्स्ट एड माझे केवळ ३० आहे, ते आजपासून वाढवतो. अडचण एवढीच उरते की खनिजाचे दहा-दहाचेच गठ्ठे होतात आणि माझ्या पिशव्या अर्ध्या तासात भरतात.

बी-१०३:
तुझ्याकडे वूल क्लॉथ (लोकरी कापड) किती आहे? आठ खणांच्या एका पिशवीला ९ लागतात. ३६ पाठवलेस तर मी आज रात्री चार पिशव्या शिवून टपालात टाकते. दोरा माझ्याकडे आहे. पार्सल पोहोचायला एक तास लागतो, म्हणून जेवणाआधी पाठव.

ए-२०४:
ताई, ४१ आहेत. ३६ आत्ताच पाठवतो आणि उरलेले ५ पट्ट्यांसाठी ठेवतो.