शॉवर्सला ‘सरी’ म्हणावं का?

पडवी:
वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, फोर्क्स-ला पुशच्या बाजूला, एप्रिलमध्ये फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींसाठी आठवड्याचा हवामान अंदाज मराठीत करायचा आहे. मजकूर तिथला नेहमीचाच. सोमवारी रेन, ९० टक्के, वारा दक्षिणेचा. मंगळवारी शॉवर्स, ५० टक्के, मधूनमधून सनब्रेक्स. बुधवारी शॉवर्सचा स्लाइट चान्स. गुरुवारी ड्रिझल. रेन आणि शॉवर्स दोन्हींना ‘पाऊस’ लिहिलं तर सोमवार-मंगळवारातला फरक पुसला जातो. ‘सरी’ लिहिल्या तर हरकत आली की सर म्हणजे जोराचा पाऊस. काय लिहावं?

खारेवारे:
सरीच. रेन आणि शॉवर्स हा भेद जोराचा नाही, ढगाचा आहे. फ्रंट, म्हणजे थंड आणि उबदार हवेमधली सीमा, येतो तेव्हा आभाळभर थरांचे ढग पसरतात आणि सहा-आठ तास एकसारखं पडत राहतं, तो रेन. फ्रंट पुढे सरकला की वारा पश्चिमेकडून येऊ लागतो आणि वरच्या थरात थंड हवा शिरते. साडेपाच किलोमीटरवर उणे २५ ते ३० अंश, खाली समुद्राचं पाणी मात्र १० अंशांच्या आसपास. पाण्यालगतची हवा ऊब धरून वर उसळते आणि सुटे, कापसाच्या ढिगासारखे ढग उभे राहतात. ढग डोक्यावर आला की दहा-पंधरा मिनिटं पाऊस, कधी बारीक गारा; गेला की ऊन. याला सर नाही तर काय म्हणणार?

मिरगाचा किडा:
ढग बरोबर, पण वाचणाऱ्याचा कान कोकणातला आहे. जुलैतली सर कौलं वाजवते. फोर्क्सच्या सरीत बऱ्याचदा दोन मिलिमीटरही पडत नाहीत. ‘हलक्या सरी’ तरी लिहा. त्याहून ‘शिरवं’ चांगलं. लहान, आलं नि गेलं, आणि मागोमाग ऊन हे त्या शब्दातच आहे. बहुधा संस्कृत ‘शीकर’वरून, म्हणजे तुषारावरून, आलेला असावा.

पेठकर:
शीकरमधला क प्राकृतात गळेल, शिअरसारखं काही उरेल. मग हा ‘व’ र-च्या मागून कुठून उगवला? आणि फ्रंटला ‘सीमापृष्ठ’ हा शब्द असताना फ्रंट कशाला?

खारेवारे:
कारण ‘सीमापृष्ठ’ वाचून कोणी छत्री उघडणार नाही.

उंबरठा:
सनब्रेकला कृपया ‘उघडीप’ लिहू नका. उघडीप म्हणजे कोळपणी-खुरपणी उरकता येईल, वाफसा येईल एवढी सवड. निदान अर्धा दिवस, खरं तर दोन-चार दिवस. मंगळवारी ‘उघडीप’ वाचून लोक रेनकोट गाडीत ठेवून समुद्रावर जातील आणि वीस मिनिटांत भिजतील, तेही १२ अंशांत. दोन सरींमधल्या उन्हाला ‘तिरीप’ म्हणा.

मिरगाचा किडा:
तिरीप दारातून, फटीतून येते. आभाळभर उन्हाला तिरीप कशी?

उंबरठा:
ढगांच्या फटीतूनच येते की.

पडवी:
आणि ५० टक्के? ‘निम्म्या भागात पाऊस’ असं लिहिलं आहे.

खारेवारे:
ते आधी खोडा. अमेरिकी अंदाजात ५० टक्के म्हणजे त्या भागातल्या कुठल्याही एका जागी, दिलेल्या अवधीत (सहसा १२ तास), निदान ०.०१ इंच, म्हणजे पाव मिलिमीटर, पाऊस पडण्याची शक्यता. किती वेळ पडेल, किती जोरात पडेल, याचा त्याच्याशी संबंध नाही. बुधवारचा स्लाइट चान्स साधारण २० टक्क्यांचा; त्याला ‘तुरळक ठिकाणी’ लिहायची चूक हमखास होते. आपल्या हवामान विभागाचं ‘तुरळक’ जागांचं आहे: २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. बुधवारी ‘सरींची किंचित शक्यता’ एवढंच पुरे. गावाचं नाव मात्र प्रत्येक ओळीत घाला. फोर्क्सजवळच्या क्विलायूटला वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पडतो आणि ऑलिंपिक डोंगरांच्या आडोशाला असलेल्या सेक्विमला जेमतेम ४००. महाबळेश्वर आणि वाई एकाच ओळीत गुंडाळल्यासारखं होईल.

पेठकर:
तिथले लोक त्याला ‘स्क्विम’ म्हणतात.

उंबरठा:
गुरुवारच्या ड्रिझलला ‘रिमझिम’ लिहिणार असाल तर थांबा. रिमझिम हा आवाजाचा शब्द आहे. ड्रिझलचा थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, तो वाजत नाही, नुसता चष्म्यावर बसतो. ‘भुरभुर’ लिहा.

मिरगाचा किडा:
भुरभुर वाऱ्यावर उडते. दिवसभर चालणाऱ्याला आमच्याकडे ‘पिरपिर’च म्हणतात.

पेठकर:
पिरपिर मुलं करतात. छापील अंदाजात तक्रारीचा शब्द नको. रिमझिम लोकांना कळते, वर्तमानपत्रं हलक्या पावसाला सर्रास वापरतात. आवाजाचा हिशेब कोण ठेवतं?

उंबरठा:
सीमापृष्ठवाल्यांनी लोकांना काय कळतं हे सांगावं, कमाल आहे.

पडवी:
सोमवारच्या रेनचं राहिलंच. ‘झड’ चालेल?

मिरगाचा किडा:
आठ तासांची झड? सूर्य दिसेनासा होऊन तीन-चार दिवस तरी जायला हवेत. ‘सलग पाऊस’ लिहा.

खारेवारे:
आणि ‘वारा दक्षिणेचा’ऐवजी ‘दक्षिणेकडून’ लिहा. बाण काढणार असाल तर त्याचं टोक उत्तरेला.

पेठकर:
मोत्यांचा सर पुल्लिंगी आणि पावसाची सर स्त्रीलिंगी, पण मूळ एकच असावं. थेंबांची माळच ती.

उंबरठा:
छे, ‘सृ’ धातू. सरते ती सर.