भिंतीआधी काठाच्या पोटात काय आहे ते बघा

मुठेचा काठ खचलाय तिथे गॅबियनची (तारेच्या जाळीत दगड भरलेली) भिंत लगेच उभी करावी, माती परीक्षणात वेळ घालवू नये, असं वर एकांनी म्हटलंय. पावसाळ्याची धास्ती समजते, पण ही घाई महागात पडेल.

पुण्यात खाली बेसाल्ट आहे हे खरं. काठावर तो किती खोल लागेल हे मात्र बोअर घेतल्याशिवाय कळत नाही. वर काळी माती, मुरूम आणि बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं ओतलेला राडारोडा. माती किती घट्ट आहे हे बघायच्या एसपीटी चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून, नळी ठरावीक खोल जायला किती ठोके लागतात ते मोजतात. राडारोड्यातला एखादा दगड आडवा आला तर आकडा फसवा मोठा येतो. म्हणून नळीतून वर आलेला मातीचा नमुना स्वतः बघाच. विटेचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी दिसली की तो भराव. आणखी एक, खडकवासल्याचा विसर्ग कमी केला की नदी झपाट्याने उतरते, काठ मात्र पाणी धरून राहतो आणि नेमका तेव्हाच घसरतो. त्या अवस्थेचं गणित डिझाइन करणाऱ्यांकडून मागून घ्या.

पायासाठी खणताना जमिनीखालच्या लाइनीही सांभाळाव्या लागतात. ड्रेनेजच्या मोठ्या लाइनी उतारामुळे नदीकाठानेच जातात. ओल्या काळ्या मातीत जीपीआरचे (जमिनीखालचं शोधणाऱ्या रडारचे) तरंग फार खोल जात नाहीत. प्लास्टिकच्या गॅस लाइनसोबत धातूची तार टाकलेली नसेल तर धातूचा माग काढणाऱ्या केबल लोकेटरलाही ती लाइन सापडत नाही. खात्यांचे नकाशे मिळवा, चेंबरची झाकणं उघडून लाइनची दिशा आणि खोली मोजून घ्या, मग खुणेवर मजुरांकडून हाताने चर खणून खात्री करा. जेसीबी त्यानंतरच.