मदत हवी आहे: गीझरचा लाइट बंद होतो पण नळाला पाणी कोमटच (नाशिक)

मंडळी, जरा तातडीने मदत हवीये. ताई बाळंतपणाला आलीये, बाळ २२ दिवसांचं आहे, आणि नाशिकची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहितीच आहे. न्हाऊ घालायला मावशी सकाळी आठला येतात आणि रोज एकच तक्रार, पाणी कोमट आहे रे, विसण घालायची वेळच येत नाही. सध्या आई गॅसवर दोन पातेली तापवते आणि ते उकळतं पाणी किचनमधून बाथरूमपर्यंत नेते, बघून माझ्या पोटात गोळा येतो.

गीझर २५ लिटर, २००० वॅट, चार वर्षं झालीत. दोन्ही बाथरूमना त्याच एका गीझरची लाइन. फ्लॅट इंदिरानगरला, उन्हाळ्यात सोसायटी टाकीत बोअरचं पाणीही घेते. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा उघडलं तर एलिमेंटवर क्षाराचा जाड पांढरा थर, मला वाटलं सापडलं एकदाचं, एलिमेंट बदललं. मग थर्मोस्टॅट बदललं. काही फरक नाही. आता तो म्हणतो नवीनच घ्या. नॉब ६० वर आहे, पाऊण तासाच्या आत लाइट बंद होतो, म्हणजे पाणी तापतंय ना? मग नळाला कोमट का?

निफाडकर: भाऊ व्होल्टेज बघितलं का? आमच्या मळ्यात कधीकधी १८० वर येतं. तेवढ्यावर २००० वॅटचा गीझर जेमतेम १२०० वॅटचं काम करतो, तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो.

धागाकर्ता: बघितलं दादा, २२८ आहे.

वायरिंगवाले काका: मग गीझरच्या मागे लागू नकोस. २५ लिटर पाणी १८ डिग्रीवरून ६० ला न्यायला २००० वॅटला साधारण ३७ मिनिटं लागतात, तुझा लाइट त्याच सुमाराला बंद होतोय, म्हणजे टाकीत पाणी कडक आहे. घोळ टाकीच्या बाहेर आहे. एक कर, गीझरचं बटण बंद कर, गीझरला गार पाणी जातं तो अँगल कॉक पूर्ण बंद कर आणि बाथरूमचा गरम नळ सोड. टाकीतलं गरम पाणी खालून येणारं गार पाणीच ढकलत असतं, ते बंद केलं की धार थोडी येऊन थांबली पाहिजे. नाही थांबली तर कुठून तरी गार पाणी गरम लाइनीत शिरतंय.

धागाकर्ता: काका, आत्ताच केलं. पाच मिनिटं झाली, धार थांबली नाही आणि पाणी गारढोण!!

वायरिंगवाले काका: सापडलं बघ. घरात हँड शॉवर आहे का, हातातल्या बटणाने बंद होणारा?

धागाकर्ता: आहे. दिवाळीनंतर ताई येणार म्हणून मीच कॉमन बाथरूमच्या मिक्सरला लावून घेतला. गरम आणि गार दोन्ही नॉब मापात सेट करून ठेवलेत, रोज बटणच दाबतो फक्त. आणि आता आठवतंय, तक्रार तेव्हापासूनचीच आहे, माझ्या डोक्यातच आलं नाही.

वायरिंगवाले काका: तेच. बटण सोडलं की पाण्याला बाहेर जायला वाट नाही, पण मिक्सरच्या आत दोन्ही लाइनी एकमेकींना मिळालेल्या राहतात. दुसऱ्या बाथरूमचा गरम नळ सोडला की इकडून गार पाणी त्यात घुसतं. अंघोळ झाली की दोन्ही नॉब बंद करायचे, घरात सगळ्यांना सांग. शिवाय मिक्सरच्या दोन्ही फाट्यांवर प्लंबरकडून एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवून घे, म्हणजे कोणी विसरलं तरी चालेल. आणि आता पाणी एकदम कडक येईल, बाळाच्या अंगावर घालण्याआधी कोपर बुडवून बघा.

स्मिता_पंचवटी: अगबाई, आमच्याकडे सोलरचं पाणी असंच कोमट येतं आणि हँड शॉवरही आहे, उद्या सकाळीच बघते.

धागाकर्ता: काका, काल रात्री दोन्ही नॉब बंद केले. आज मावशींनी बाथरूममधून हाक मारली, विसण आणा रे, भाजतंय पाणी. आईने पातेली घासून वर ठेवून दिली. एनआरव्हीसाठी प्लंबर रविवारी येतोय, तोपर्यंत नॉबवर चिठ्ठी चिकटवलीये.